सामायिक साठा : सोय आणि सावधगिरी

संगणकाची आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलर करतो. मोठ्या कामात अशा हजारो फाईली असतात. काम नव्याने आरंभिले की सर्वांचे रूपांतर पुन्हा करावे लागते. हा वेळ वाचविण्यासाठी अँड्र्यू ट्रिजेल यांनी 2002 च्या सुमारास ‘सीकॅश’ ही आज्ञावली तयार केली. मूळ मजकूर, कंपायलरला दिलेल्या सूचना आणि कंपायलरची ओळख यांवरून ती एक खूणक्रमांक काढते. त्या क्रमांकाचे रूपांतर साठ्यात असल्यास तेच देण्यात येते. नसल्यास नवे करवून साठ्यात ठेवले जाते.

हा साठा सामान्यतः ज्याच्या त्याच्या खासगी डिरेक्टरीत असतो. प्रयोगशाळेत तीस विद्यार्थी एकच मोठी आज्ञावली बांधीत असतील, तर तेच काम तीस वेळा होते. साठा एकत्र असावा असे शिक्षकांस वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सर्वांना एकच जागा दाखवून भागत नाही. एकाने निर्माण केलेल्या डिरेक्टरीत दुसऱ्याला लिहिण्याचा अधिकार नसतो व काम अडते. यासाठी सर्वांना एका गटात घ्यावे, सीकॅशमधील ‘उमास्क’ 002 ठेवावा आणि डिरेक्टरींवर ‘सेटजीआयडी’ खूण लावावी, म्हणजे नवी फाईल गटाच्याच नावे होते.

यंत्रे निरनिराळी असल्यास आणखी एक पेच उद्भवतो. कंपायलरची ओळख मूलतः त्याच्या फाईलीचा आकार व वेळ यांवरून पटविली जाते. तोच कंपायलर दोन यंत्रांवर वेगळ्या वेळी बसविला असेल, तर तो निराळा गणला जातो व साठा असूनही उपयोगी पडत नाही. अशा वेळी फाईलीतील मजकुरावरून ओळख पटविण्याचा पर्याय निवडावा.

खरी जोखीम विश्वासाची आहे, आणि तिकडेच बहुधा दुर्लक्ष होते. ज्याला साठ्यात लिहिता येते, त्याला खोटे रूपांतरही ठेवता येते. पुढचा वापरकर्ता ते नकळत आपल्या आज्ञावलीत जोडतो. म्हणून परस्परांची खात्री नसेल तेथे लिहिण्याचा अधिकार एकाच विश्वासू यंत्राकडे ठेवून इतरांस केवळ वाचनाची मुभा द्यावी.

साठ्याची मूळ मर्यादा 5 गिगाबाइट आहे. ती भरली की दीर्घकाळ न वापरलेली रूपांतरे आपोआप काढली जातात. अनेकांच्या साठ्यासाठी ती आरंभीच वाढवून घ्यावी.