बिऱ्हाड भट्टीवर, अर्ज तहसीलात



दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बिऱ्हाडं हलायला लागतात. कोणी भिवंडीच्या वीटभट्टीवर जातं, कोणी कल्याणच्या, कोणी वसईच्या. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. त्यात गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेल्या मुलीही असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं रेशन कार्डाचं काम अर्ध्यावर असतं. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात अजून चढलेलं नाही. अशात बिऱ्हाड हललं तर त्या अर्जाचं काय होतं आणि निघण्याआधी काय करायचं, ते आज समजून घेऊ.

आधी नावाची किंमत बघा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. 2023 पासून ते मोफत आहे. नाव दोन्हीकडे नसेल तर नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत त्या सुनेच्या वाट्याचं 35 किलो धान्य बुडतं. अंत्योदय कार्डाचं वेगळं आहे. तिथे अख्ख्या कुटुंबाला मिळून 35 किलो मिळतं, सून आल्याने ते वाढत नाही. तरीही नाव चढवायचंच. नाव असेल तर दुकानात तिचा अंगठा चालतो. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेतून 5000 रुपये मिळतात, तिथेही अन्न सुरक्षेचं कार्ड पुरावा म्हणून दाखवता येतं.

आता मुख्य गोष्ट. बिऱ्हाड हललं तरी अर्ज हलत नाही. सासरचं कार्ड ज्या तालुक्यात, त्याच तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत तो राहतो. मुलगी मुरबाडची आणि सासर शहापूरचं असेल, तर नाव कमी केल्याचा दाखला मुरबाडहून आणायचा आणि नाव चढवायचा अर्ज शहापूरला करायचा. भट्टीवर गेल्यावर कोणी म्हणालं, "इथे भिवंडीत नवा अर्ज टाकू," तर ऐकू नका. एक आधार नंबर एकाच कार्डाला जोडता येतो. दोन ठिकाणी अर्ज गेले की दोन्ही अडकायची भीती. भट्टीचा पत्ताही कार्डावर घालायची गरज नाही, कारण आपलं घर गावातच आहे.

मग भट्टीवर धान्य कसं मिळायचं? ज्यांची नावं कार्डावर आहेत, त्यांना 'एक देश, एक रेशन कार्ड' या सोयीमुळे भट्टीजवळच्या रेशन दुकानातूनही धान्य घेता येतं. कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा लावायचा. सासू-सासरे गावी राहिले असतील तर थोडं धान्य त्यांनी गावात घ्यायचं, उरलेलं तुम्ही तिकडे. दुकानदार नाही म्हणाला तर 1967 या नंबरावर तक्रार करता येते. पण सुनेचं नाव मध्येच लटकलेलं असेल, तर तिच्या वाट्याचं धान्य ना गावात मिळत ना भट्टीवर. म्हणून नाव कमी करणं आणि चढवणं ही दोन्ही कामं लागोपाठ करायची. आज नाव कापलं आणि सासरचा अर्ज "बघू नंतर", असं नको.

निघण्याआधी एवढं करा.

एक, पोच पावती घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे ती मिळण्याचा आपला हक्क आहे. काम किती दिवसांत व्हायला हवं आणि कोणत्या अधिकाऱ्याने करायचं, याचा फलकही कार्यालयात लावलेला असायला हवा. तो वाचून शेवटची तारीख पावतीच्या मागे लिहून ठेवा.

दोन, अर्जावर कोणाचा मोबाईल नंबर टाकलाय ते बघा. कधीकधी केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकतो, मग निरोप त्यालाच जातात. घरातला चालू नंबर द्या आणि भट्टीवर गेल्यावर ते सिम बदलू नका.

तीन, कायद्याने घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डाची कुटुंबप्रमुख असते, बहुतेक घरांत सासूच. तिची सही किंवा अंगठा लागणार असेल तर ती गावात आहे तोवर घेऊन ठेवा.

चार, पावती, नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि आधार यांच्या झेरॉक्सचा एक संच गावात विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, एक आपल्याबरोबर न्या. दाखल्याची मूळ प्रत भट्टीवर नेऊ नका. पावसात, धुरात कागद टिकत नाही.

तारीख उलटून गेली आणि काम झालं नाही, तर त्याच कायद्याखाली 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. "साहेब नाही म्हणाले" हे उत्तर नव्हे. लेखी मागा.

सून पोटुशी असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत नाव सांगा. तिथला आहार आणि लसीकरण रेशन कार्डावर अवलंबून नाही.

आता गटाचं काम. भिवंडीहून शहापूरला एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडं. उचल घेतलेली असली की मालक सुट्टीही सहज देत नाही. म्हणून दसऱ्याच्या सुमारास होणाऱ्या बैठकीत विचारा, या वर्षी कोणकोण जाणार आणि कोणाचा अर्ज पडून आहे. गटाच्या वहीत नाव, पावतीचा नंबर आणि शेवटची तारीख लिहा. गावात राहणारी एक बाई ठरवा. तालुक्याला बाजाराला किंवा बँकेत गेली की तिने त्या सगळ्या अर्जांची चौकशी करायची आणि भट्टीवर फोन करून सांगायचं. एकीच्या फेरीत पाच जणींचं काम होतं.