सशांचं भांडण ‘आपोआप मिटेल’ म्हणू नका!

रूमवर कुत्रा ठेवायला घरमालक नाही म्हणतो, मग पेट शॉपमधून सशांची जोडी येते. पहिले दोन महिने सगळं मस्त. मग एके दिवशी पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले असतात आणि एकाचा कान फाटलेला. काल चिकटून झोपणाऱ्यांना आज झालं काय?

ते वयात आले. ससा साधारण 3 ते 6 महिन्यांत वयात येतो आणि मग जागेवर हक्क सांगायला लागतो. दोन नरांची मारामारी जास्त गंभीर होते, पण माद्याही भांडतात. नर-मादी असतील तर आणखी वेगळं गणित. मादी सुमारे 31 दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. लहान पिलांमध्ये नर-मादी ओळखणं अवघड असतं. त्यामुळे ‘दोघी माद्याच आहेत’ हे दुकानदाराचं म्हणणं डॉक्टरांकडून तपासून घ्या.

भांडण पेटलं तर

मध्ये हात घालू नका, कडकडून चावतील. जाड टॉवेल टाका किंवा पुठ्ठा आडवा घाला. दोघांना लगेच वेगळं करा आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र आणू नका. मग केस बाजूला करून अंग तपासा. चाव्याचं भोक बारीक असतं, पण आत पू होऊन गळू होतं. सशाचा पू घट्ट असतो, सहज वाहून जात नाही. जखम सलाइनने हलकेच धुवा, अंघोळ घालू नका. माशी बसली तर एका दिवसात अळ्या पडू शकतात.

डोळा, पोट किंवा गुप्तांगाला जखम असेल, तर थांबू नका. खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरातली अँटिबायोटिक गोळी मुळीच देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

पुन्हा दोस्ती होते का?

बऱ्याचदा होते, पण घाई चालत नाही. आधी दोघांची नसबंदी. सगळेच डॉक्टर सशाचं ऑपरेशन करत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. नंतरही 4 ते 6 आठवडे वेगळं ठेवा. तोवर नर पिलं देऊ शकतो. पिंजरे शेजारी ठेवा, पण चावता येणार नाही इतकं अंतर राखा. अंथरलेली फडकी अदलाबदल करा. मग दोघांनाही अनोळखी अशा जागेत, म्हणजे बाथरूममध्ये वगैरे, 10-15 मिनिटं भेटवा. खाण्याची भांडी दोन आणि लपायचे खोकेही दोन ठेवा. प्रत्येक खोक्याला दोन दारं हवीत, म्हणजे कोणी कोपऱ्यात अडकत नाही. गोल गोल पाठलाग सुरू झाला की थांबवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी पळापळ झाली तर उष्माघात होईल, त्यामुळे भेटी सकाळीच.

तरीही जमत नसेल, तर जाळीआड शेजारी-शेजारी राहू द्या. ‘मेहरूण तलावाकडे सोडून देऊ’ हा उपाय नव्हे. शेतात दिसणारा रानससा वेगळ्या जातीचा. पिंजऱ्यात वाढलेल्याला कुत्र्यांपासून पळताही येत नाही. जोडी आणायच्या आधीच दोन पिंजऱ्यांची जागा आणि दोन ऑपरेशनचा खर्च मोजा. बसत नसेल, तर मित्राच्या सशांशी खेळून या.