धावपट्टीचें गणित

नागपूरकरांना सोनेगावचा विमानतळ परिचित आहे. तेथील सुमारें 3200 मीटर लांबीच्या पक्क्या धावपट्टीवर मोठें प्रवासी विमान उतरतांना पाहिलें, म्हणजे तें वाटेल तेथें उतरूं शकेल असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु तेंच विमान सैन्याच्या कामासाठीं भाड्यानें घेऊन एखाद्या लहान तळावर न्यावयाचें झालें, कीं त्यांत काय मावेल यापेक्षां मागें काय ठेवावें लागेल, हाच मुख्य प्रश्न होतो.

1947 सालच्या ऑक्टोबरचें उदाहरण घ्या. 27 तारखेस सकाळीं लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखालील शीख रेजिमेंटची पहिली पलटण दिल्लीहून डाकोटा विमानांनीं श्रीनगरास जाऊं लागली. हवाई दलापाशीं वाहतुकीचीं विमानें थोडीं. म्हणून खाजगी कंपन्यांचीं प्रवासी विमानें वैमानिकांसह कामास लावण्यांत आलीं. साधारणतः एकवीस उतारू नेणाऱ्या अशा विमानामागें पंधरा जवान आणि पांचशें पौंड सामान एवढाच भार ठरला होता.

इतका थोडा भार कां? श्रीनगरची पट्टी तेव्हां कच्ची होती, आणि ती समुद्रसपाटीपासून सुमारें 5400 फूट उंच आहे. उंचावरील विरळ हवेंत पंखांना उचल कमी मिळते व इंजिनाचें बळही घटतें. त्यामुळें जमीन सोडण्यास अधिक वेग आणि अधिक लांब पट्टी लागते. वैशाखांत नागपूरची हवा तापून विरळ होते, तेव्हां येथेंही हीच अडचण उद्भवते. शिवाय लहान तळावर इंधन मिळण्याचा भरंवसा नसतो. परतीचें इंधन बरोबर घ्यावें, तर तेवढीं माणसें कमी न्यावीं लागतात.

त्या सकाळीं तळ आपल्या हातीं आहे किंवा नाहीं, याचीही खात्री नव्हती. श्रीनगरशीं संपर्क न झाल्यास जम्मूस उतरावें, अशी राय यांना आज्ञा होती. विमानें उतरलीं, तळ राखला गेला. राय मात्र त्याच दिवशीं बारामुल्ल्याच्या बाजूस धारातीर्थीं पडले.

डाकोटा कच्च्या जमिनीवर उतरूं शके. मोठ्या जेट विमानाचें तसें नाहीं. त्याचीं इंजिनें खडे व धूळ ओढून घेतात. त्याच्या चाकांखालीं कच्ची जमीन खचते. दरवाजा इतका उंच, कीं शिडी नसेल तर उतारूंना खालीं येतां येत नाहीं.

आज श्रीनगरास साडेतीन हजार मीटरांहून लांब पक्की पट्टी असून जेट विमानें तेथें नित्य उतरतात. संकटाच्या दिवशीं विमान भाड्यानें मिळेल, वैमानिकही पुढें येतील. परंतु धावपट्टी एका रात्रींत लांब होत नाहीं. ती शांततेच्या काळांतच बांधून ठेवावी लागते.