राष्ट्राचा गुन्हा आणि न्यायासन

गावात चोरी झाली तर फिर्याद कोठे द्यावी, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर? राज्यसत्तेनेच शेजाऱ्याचा मुलूख बळकावला, निरपराधांची कत्तल केली, तर दाद कोणापुढे मागावी? या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत रुमानियाचे कायदेपंडित व मुत्सद्दी वेस्पासियन पेला (१८९७–१९५२) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

पेला हे फौजदारी कायद्याचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी राज्यांच्या सामूहिक गुन्हेगारीवर एक ग्रंथ लिहिला. तोवर एका राज्याने दुसऱ्याचे नुकसान केले, तर त्याने भरपाई द्यावी, एवढाच रूढ विचार होता; जणू बांधावरून झालेला दिवाणी दावाच! पेला यांचे म्हणणे असे की, आक्रमक युद्ध हा दिवाणी मामला नव्हे, तो फौजदारी गुन्हा आहे. म्हणून राज्यालाही शासन हवे, आणि राज्याच्या नावाआड लपून हुकूम सोडणाऱ्या माणसांनाही. मात्र कायदा आधी हवा, खटला मागून. नाही तर जेत्याने जिताला दिलेली शिक्षा आणि न्याय यांतला भेद लोकांना कसा पटावा?

हा विचार त्यांनी पुस्तकात कोंडून ठेवला नाही. १९२५ च्या अखेरीस हंगेरीत छापलेल्या बनावट फ्रेंच नोटा हॉलंडमध्ये पकडल्या गेल्या, आणि त्या कटात बडे सरकारी अधिकारीही गुंतलेले निघाले. त्यातून १९२९ साली जिनीव्हा येथे खोट्या चलनाविरुद्ध करार झाला. परक्या देशाचे चलन बनावट करणे हाही आपल्या चलनाइतकाच गुन्हा मानावा, असे त्यात ठरले. या कामात पेला आघाडीवर होते.

पुढे ९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांचा खून झाला. त्यानंतर १९३७ साली राष्ट्रसंघाने दोन करार सिद्ध केले: एक दहशतवादाविरुद्ध, दुसरा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा. दोहोंच्या घडणीत पेला यांचा मोठा वाटा होता. आपणांस नवल वाटेल, पहिल्या कराराला अखेरची संमती दिली ती एकट्या हिंदुस्थानने. अर्थात तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने. न्यायालयाच्या कराराला तर कोणीच दिली नाही. न्यायासन कागदावरच राहिले आणि महायुद्ध पेटले.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. युद्धकाळात रुमानिया आन्तोनेस्कू यांच्या राजवटीखाली जर्मनीच्या बाजूने लढत होता. त्या राजवटीच्या ताब्यातील प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मारले गेले, असा निष्कर्ष २००४ साली एका आंतरराष्ट्रीय चौकशी मंडळाने काढला. त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून पेला १९४३–४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील वकिलातीत होते. राज्यही गुन्हेगार असू शकते, असे जगाला शिकविणारा पंडित अशा राज्याचा सेवक होता! यामुळे सिद्धांत खोटा ठरत नाही. उलट, सत्तेला आवर घालण्यास सेवकांची विद्वत्ता पुरत नाही, बाहेरचे न्यायासन लागते, हेच त्यातून दिसते.

युद्धानंतर, १९४७ साली, वंशसंहारविरोधी कराराच्या मसुद्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी तीन तज्ज्ञ बोलावले: लेम्किन, दोनदिए द व्हाब्र आणि पेला. तो करार १९४८ साली मंजूर झाला. त्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा उल्लेख आला, पण न्यायालय मात्र अस्तित्वात नव्हते. ते न पाहताच पेला १९५२ साली न्यूयॉर्क येथे वारले.

१९९८ साली रोम येथे करार झाला, आणि २००२ साली हेग येथील न्यायालयाचा अधिकार सुरू झाला. आक्रमणाच्या गुन्ह्याची चौकशी करण्याचा अधिकार त्याला मिळण्यास २०१८ साल उजाडले. अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही त्याचे सभासद नाहीत. दुबळ्यांना पकडणारे आणि बलवानांपुढे थबकणारे न्यायासन, ही टीका म्हणूनच ऐकू येते. तीत तथ्य आहे. पण चोर बलवान आहे म्हणून चोरीचा कायदाच नको, असे आपण आपल्या गावात म्हणतो काय?