डिस्नेलँडच्या हरवलेल्या सफरी

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा हटवून उभारलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. हे उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, त्यात सतत भर पडत राहील, अशी वॉल्ट डिस्ने यांची भूमिका होती. मात्र जागा मर्यादित असल्याने नव्यासाठी जुने हटवणे ओघानेच आले. त्यामुळे लहानपणी अनुभवलेली सफर नातवंडांना दाखवायला आलेल्या आजी-आजोबांना अनेकदा तिथे दुसरेच काही आढळते.

सफरी बंद पडण्यामागची कारणे निरनिराळी आहेत. १९६१ साली आलेल्या ‘फ्लाइंग सॉसर्स’मध्ये जमिनीतील छिद्रांतून जोराने हवा सोडली जाई आणि तिच्यावर तबकड्या तरंगत. बसणाऱ्याने अंग झुकवले की तबकडी त्या दिशेला सरके. कल्पना मनोहर होती, पण यंत्रणा वारंवार बिघडे. १९६६ मध्ये हा खेळ आटोपला.

काही ठिकाणी भविष्यच शिळे झाले. १९५७ साली उभारलेले ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ हे प्लॅस्टिकचे घर उद्याच्या संसाराचे चित्र दाखवत असे. दहा वर्षांत त्यातील नवलाई ओसरली. घर मात्र इतके चिवट, की पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत येऊ लागला. ते हटवायला सुमारे दोन आठवडे लागले.

समाजाची बदललेली जाणीव हेही एक कारण ठरले. १९८९ मध्ये सुरू झालेली ‘स्प्लॅश माउंटन’ ही लोकप्रिय जलसफर १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर बेतलेली होती. त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका झाली. २०२३ मध्ये ही सफर बंद झाली आणि पुढच्या वर्षी त्याच जागी राजकन्या टियानाची कथा सांगणारी सफर आली.

बदल दर वेळी यशस्वी होतोच असे नाही. १९६७ पासून ‘पीपलमूव्हर’चे छोटे डबे उंचावरील मार्गावरून संथपणे फिरत. १९९५ मध्ये ते थांबले. १९९८ साली त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान गाडी आली. पण वळणांवर मार्गाला आवश्यक तो उतार नसल्याने प्रत्येक वळणावर वेग कमी करावा लागे आणि नंतर पुन्हा वाढवावा लागे. टायर झिजत, बिघाड होत. २००० मध्ये तीही बंद पडली.

तरीही जुन्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत. १९८८ मध्ये बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’मधील गाणारे यांत्रिक प्राणी ‘स्प्लॅश माउंटन’मध्ये पुन्हा गाऊ लागले होते. २००१ साली गेलेल्या अस्वलांच्या संगीतसभेतील तीन मुंडकी आता ‘विनी द पू’च्या सफरीत आहेत. मात्र ती पाहण्यासाठी मागे वळावे लागते.

चित्रपट जपून ठेवता येतो, पुस्तक पुन्हा छापता येते. सफरीचे तसे नसते. चित्रफितीत ती दिसते, पण डब्याचा हेलकावा आणि शेजारी बसलेल्या वडिलांचा हात चित्रफितीत उतरत नाही. म्हणूनच ‘पीपलमूव्हर’च्या रिकाम्या मार्गाकडे पाहून वयस्क माणसे थबकतात. सोबतच्या मुलांना तिथे फक्त एक काँक्रीटचा पूल दिसतो.