विक्रांतच्या पोटातली माणसे



४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. १९७१ च्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्याच दिवशी बंगालच्या उपसागरात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून विमाने उडाली होती. परिपाठात मी हे सांगत होते, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, जहाजाचा बॉयलर खराब होता, तर मग त्याला युद्धावर नेलंच कशाला?" प्रार्थनेच्या रांगेत उत्तर पुरे झाले नाही, म्हणून हा लेख.

आपण माळव्यातली माणसे, समुद्र आपल्याला नकाशातच भेटतो. म्हणून आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. विमान उडण्यासाठी त्याच्या पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहावी लागते. जमिनीवर त्यासाठी लांबलचक धावपट्टी असते. विक्रांतची सगळी लांबी मात्र सुमारे ७०० फूट. एवढ्या जागेत विमान कसे उडणार? त्याला तीन मदती मिळत. जहाज वाऱ्याकडे तोंड करून धावे, समोरचा वारा त्यात भर घाली, आणि वाफेवर चालणारे कॅटापल्ट नावाचे यंत्र विमानाला गोफणीतल्या दगडासारखे पुढे फेके. जहाजाचा वेग १४ नॉट आणि वारा १० नॉट असेल, तर डेकवर २४ नॉटचा वारा मिळतो. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

आता पाहा, जहाजाचे पंखे वाफेवर फिरत आणि कॅटापल्टही वाफेवरच चाले. वाफ येई बॉयलरमधून. म्हणजे बॉयलर थंड पडला, की विमानवाहू जहाज नुसते तरंगते मैदान!

नेमके तिथेच दुखणे निघाले. जून १९७० मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला भेगा आढळल्या. त्या वेल्डिंगने बुजणाऱ्या नव्हत्या आणि नवे ड्रम आपल्याकडे मिळत नव्हते. जहाज महिनोन्‌महिने मुंबईत पडून राहिले. १९७१ च्या मार्चमध्ये बॉयलर कमी दाबावर पेटवून पाहिले. दाबाची मर्यादा ठरली दर चौरस इंचाला ४०० पौंड, आणि वेग १४ नॉटवर आला. पुढे ड्रमना पोलादी सुरक्षा-पट्टे बसवले आणि वाफ गळते का, हे पाहण्यासाठी शेजारी निरीक्षण-खिडक्या केल्या.

त्या खिडकीशी उभ्या असलेल्या नौसैनिकाचा विचार करा. वर मोकळे आकाश, आणि हा खाली, लोखंडी भिंतींच्या आत. उकाडा, तेलाचा वास, यंत्रांचा आवाज. वर काय चालले आहे, ते दिसत नाही. ड्रम फुटला तर पहिला घाव याच्यावर. तरी दाबमापकावरची नजर हलवायची नाही.

४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पुढे अलीझे विमानांनीही कामगिरी बजावली. पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद झाला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतच्या लोकांना २ महावीर चक्रे आणि १२ वीर चक्रे मिळाली.

तर बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: धोका कोणी नाकारला नाही. तो मोजला, त्याला मर्यादा घातली आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवला. नुसती हिंमत असती, तर तो अविचार ठरला असता.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली आणि नंतर मुंबईत संग्रहालय बनली. तेव्हा मी एक सहल तिथे नेली होती. सर्वांनी विमानांसमोर फोटो काढले. बॉयलर कुठे होते, हे ना मुलांनी विचारले, ना मी. याची आज खंत वाटते, कारण २०१४ पासून ते जहाज भंगारात तोडले गेले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत त्याच नावाची नवी, भारतात बांधलेली विक्रांत दाखल झाली. तिला बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. पण खाली यंत्रांवर नजर ठेवणारी माणसे तिलाही लागतातच.

येत्या स्नेहसंमेलनात टाळ्या वाजवताना पडद्यामागे दोरी धरून कोण उभे आहे, तेही एकदा पाहून या.

— आपली प्राचार्या