खुर्चीत बसून जिंकलेली शर्यत

अंगणात आंब्याचे झाड असावे, वाऱ्याने पिकला आंबा खाली पडावा आणि तो उचलायला सगळ्यांच्या आधी आपण धावत पोहोचावे, असे लहानपणी कुणाला वाटत नाही? बंगळूरच्या मालती कृष्णमूर्ती होळ्ळा यांनाही तसेच वाटे. पण त्यांच्या पायांत बळच नव्हते. तरीही पुढे याच मालतींनी मैदानावर ३०० हून अधिक पदके मिळवली, १९९५ चा अर्जुन पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मश्रीचा मान मिळवला.

मालतींचा जन्म ६ जुलै १९५८ चा. वडिलांचे लहानसे हॉटेल होते, आई चार मुलांचा संसार सांभाळत होती. मालती वर्षभराची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण सारे शरीर लुळे पडले. तो पोलिओ होता. दोन वर्षे विजेचे झटके देण्याचे उपचार चालले. कमरेवरच्या भागात हळूहळू शक्ती आली, पाय मात्र तसेच राहिले.

पुढच्या उपचारांसाठी आईवडिलांनी मन घट्ट केले आणि लेकीला मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, ईश्वरी प्रसाद दत्तात्रेय अस्थिव्यंग केंद्रात ठेवले. तिथे तिची १५ वर्षे गेली. ज्या वयात मुली आईपुढे बसून वेणी घालून घेतात, त्या वयात ही मुलगी घरापासून दूर राहून एकामागून एक शस्त्रक्रिया सोसत होती. आजवर त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. पण या केंद्राने तिला एक गोष्ट दिली. आजूबाजूला सगळी तिच्यासारखीच मुले होती. तिथे कीव करणारे कुणी नव्हते. आपले काम आपण करायचे, पडलो तर आपणच उठायचे, ही सवय तिला तिथेच लागली.

खांद्यांच्या जोरावर

खेळाची गोडी लागल्यावर मालतींना आपला मार्ग सापडला. धावायचे तर आहेच, फक्त धावण्याची रीत वेगळी असेल, हे त्यांनी ओळखले. २०० मीटरची व्हीलचेअर शर्यत, गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक हे त्यांचे खेळ झाले.

बसून गोळा फेकणे सोपे वाटेल, पण तसे नाही. उभा खेळाडू पायांनी जमीन रेटतो, कंबर वळवतो आणि ती ताकद हातात आणतो. बसलेल्या खेळाडूची खुर्ची जमिनीला पक्की बांधलेली असते आणि फेकताना बैठकीवरून उठलेले चालत नाही. सारा जोर पाठीतून, खांद्यातून आणि मनगटातून काढावा लागतो. शर्यतीतही तेच. चाकाला जितक्या वेळा हात लागेल, तितक्या वेळा तळवे घासतात आणि खांदे भरून येतात.

या बळावर मालतींनी सोल, बार्सिलोना आणि अथेन्सच्या पॅरालिम्पिकपर्यंत मजल मारली. १९८९ मध्ये डेन्मार्कमध्ये झालेल्या जागतिक मास्टर्स स्पर्धेतून त्या सुवर्णपदके घेऊन परतल्या. बीजिंग, बँकॉक, क्वालालंपूर येथेही त्या भारतासाठी खेळल्या.

पदके कपाटात, पगार हातात

पदकांनी मान मिळतो, घर चालत नाही. मालतींनी शिक्षण सोडले नाही आणि सिंडिकेट बँकेत नोकरी धरली. तिथे त्या व्यवस्थापकपदापर्यंत पोहोचल्या. दिवसा बँकेचे काम आणि उरलेल्या वेळात सराव, असा त्यांचा क्रम राहिला. स्वतःच्या कमाईमुळे त्यांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही. अपंग मुलीच्या भवितव्याची काळजी करणाऱ्या आईवडिलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. खेळाने आत्मविश्वास येतो, पण शिक्षण आणि नोकरी यांनी पायाखालची जमीन पक्की होते.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी

मालतींना उपचार मिळाले, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांना दूर पाठवण्याचे धाडस केले. पण खेड्यातल्या गरीब घरात जन्मलेल्या अपंग मुलाचे काय? कुठे त्याला शाप समजतात, कुठे आतल्या खोलीत ठेवतात. अशा मुलांसाठी मालतींनी मित्रमंडळींच्या मदतीने बंगळूरमध्ये ‘मातृ फाउंडेशन’ उभे केले. मुलांना निवारा, शाळा आणि औषधोपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू. जे आपल्याला केंद्रात मिळाले, तेच त्यांनी पुढे वाटले.

मालतींना अर्जुन पुरस्कार मिळाला त्या १९९५ सालीच देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यांच्या वाट्याला आले ते दुखणे आता इथल्या बाळांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून डोस चुकवता कामा नये.

अपघात आणि इतर आजार मात्र आहेतच. सुदैवाने खेळांची दारे आता अधिक उघडली आहेत. २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन प्रथमच आले. व्हीलचेअरवरच्या एकेरी सामन्यात कोर्टाची निम्मी रुंदीच वापरतात आणि जाळ्याजवळच्या पट्ट्यात फूल पडले तर ते बाद धरतात. एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने रॅकेट चालवायची. नियम थोडे बदलले, की खुर्चीतला माणूसही पूर्ण खेळाडू होतो.

हे मैदानावर जमते, तर आपल्या शाळेत, सोसायटीत, कार्यालयात का जमू नये? दोन पायऱ्यांच्या शेजारी एक उतार बांधायला फारसा खर्च येत नाही. त्या उतारावरून उद्या कदाचित एखादी मालती घराबाहेर पडेल.